किरणे किती मेंदूवर?

अक्कलकुव्याहून नंदुरबार, तेथून सुरतमार्गे रेल्वेने मुंबई. या वाटेने परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात (स्थापना १९४१) निघालेल्या कुटुंबाचा पहिला प्रश्न असतो, ‘किती दिवस राहावे लागेल?’ मेंदूत पसरलेल्या कर्करोगाच्या बाबतीत याचे उत्तर कसे बदलत गेले, ते पाहू.

फुफ्फुसातल्या किंवा स्तनातल्या कर्करोगाच्या पेशी रक्तावाटे मेंदूत जाऊन रुजतात. गाठ एकच असेल तर बहुधा शस्त्रक्रियेने काढता येते. पण उरलेल्या पोकळीच्या कडेला काही पेशी राहू शकतात. १९९८ साली अमेरिकेत पॅचेल व सहकाऱ्यांनी ९५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नुसत्या शस्त्रक्रियेनंतर ७० टक्के रुग्णांच्या मेंदूत रोग परतला. नंतर संपूर्ण मेंदूला किरणे दिलेल्यांत १८ टक्के. प्रश्न सुटला असे वाटावे! पण आयुष्य काही वाढले नाही, आणि सगळ्या मेंदूला किरणे दिली की स्मरणशक्ती उणावते, हेही पुढे स्पष्ट होत गेले.

मग पोकळीपुरतीच किरणे दिली तर? साधन तयार होते. स्वीडिश शल्यविशारद लार्स लेक्सेल यांनी ती कल्पना १९५१ सालीच मांडली होती. भिंगाने सूर्यकिरण एकवटून कागद जाळण्याचा प्रयोग आपण वर्गात दाखवतो. गॅमा किरणे भिंगाने वळत नाहीत. म्हणून १९६८ च्या पहिल्या ‘गॅमा नाइफ’ यंत्रात कोबाल्ट-६० चे १७९ स्रोत डोक्याभोवती असे बसवले, की प्रत्येक बारीक झोत वाटेतल्या पेशींना थोडाच त्रास देईल आणि सगळे झोत एका ठिकाणी मिळतील. (नाव सुरीचे, पण कापत काहीच नाही!) आज हेच काम लिनिअर अ‍ॅक्सिलरेटरनेही होते.

२०१७ साली ह्यूस्टनच्या अनिता महाजन व सहकाऱ्यांनी १३२ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. वर्षभरानंतर पोकळीत रोग न परतलेले रुग्ण किरणांविना ४३ टक्के, किरणांसह ७२ टक्के. त्याच वर्षीच्या दुसऱ्या चाचणीत १९४ रुग्ण होते. सहा महिन्यांनी स्मरण व आकलनाच्या कसोट्यांत घसरण संपूर्ण मेंदूला किरणे दिलेल्यांत ८५ टक्के, पोकळीपुरती दिलेल्यांत ५२ टक्के. आयुर्मान जवळजवळ सारखेच. आम्हांला हा आकडा सर्वांत बोलका वाटतो. घरच्यांना ओळखत, आपले आपण जेवत काढलेले महिने आणि तसे न काढलेले महिने एकच नव्हेत.

संपूर्ण मेंदूच्या उपचाराला बहुधा दोन आठवडे लागतात, पोकळीच्या उपचाराला एक ते पाच बैठका. मात्र किरणे न पोहोचलेल्या भागात नवी गाठ येण्याचा धोका राहतो, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी एमआरआय करावाच लागतो. अक्कलकुव्याच्या कुटुंबाचा मुंबईतला मुक्काम त्यामुळे घटतो आणि फेऱ्या वाढतात.