स्वक्षती : रुग्णालयीन शुश्रूषा

स्वतःच्या देहास बुद्धिपुरस्सर इजा केलेला मनुष्य इस्पितळात आणला जातो तेव्हा जखमेची वा विषबाधेची चिकित्सा तर तत्काळ व्हावयाचीच. परंतु तेथेच थांबणारी शुश्रूषा अपुरी होय, कारण अशी कृती पुनश्च घडण्याचा धोका पुढील काही महिन्यांत विशेष असतो, आणि म्हणून एकांतात, उपदेशाचा सूर न लावता केलेली मानसिक तपासणी व घरी पाठविल्यानंतरही राखलेला संपर्क हा उपचाराचाच भाग मानला जातो. टाके घालताना अशा रुग्णास भूल नाकारणे हे निव्वळ क्रौर्य होय.

भारतात १८६० च्या दंडसंहितेचे कलम ३०९ आत्महत्येच्या प्रयत्नास एक वर्षापर्यंत साधी कैद फर्मावीत असल्यामुळे रुग्णाच्या उशाशी फौजदार जबाब घेण्यास उभा राही, व कुटुंबे खरी हकिगत दडवून अपघाताची नोंद करवीत. मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये घटनाबाह्य ठरविलेले हे कलम सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये वैध मानले; पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाच्या कलम ११५ ने, अन्यथा सिद्ध न झाल्यास, असा मनुष्य तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरून त्याच्या शुश्रूषेची व पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर टाकली. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत ते सरसकट कलम उरलेले नाही. पोलिसांस वर्दी देण्याचा इस्पितळांचा रिवाज मात्र चालूच आहे.