नांगर, खडू आणि बंदूक

शिपाई म्हटला की बराक आणि पहिल्या तारखेचा पगार तुमच्या डोळ्यांपुढे येतो. पण १९४७-४८ साली निजामाच्या राजवटीशी मराठवाड्यात झुंजले ते बव्हंशी शेतकरी, शिक्षक, विद्यार्थी. त्यांनी बंदूक धरली कुठं? नांदेडकडच्या मंडळींचा तळ होता पैनगंगेपलीकडे, वऱ्हाडातल्या उमरखेडला. तिथं निजामाचा हुकूम चालत नव्हता. उदगीरकडचे लोक (उदगीर आज लातूर जिल्ह्यात, तेव्हा बिदरमध्ये) हत्तीबेटाच्या आसऱ्यानं आतच लढले. ३० जानेवारी १९४८ रोजी उमरीची बँक लुटली गेली, आणि त्या पैशाचा हिशेब ठेवला गेला. कवायतीपेक्षा ही शिस्त मोठी, असं मला वाटतं.

योग पाहा, सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौजा हैदराबादेत शिरल्या, आणि त्याच महिन्यात प्रादेशिक सेनेचा कायदा झाला. पोटाचा धंदा सांभाळून वर्षातले थोडे दिवस कवायत करायची, अशी ही सेना. ९ ऑक्टोबर १९४९ ला राजगोपालाचारींनी तिचं उद्घाटन केलं. तिच्या शिपायाला गणवेश, भत्ता आणि हजेरीपट मिळाला. तळावरच्यांचा हजेरीपट कुठला? १९८०च्या दशकात निवृत्तिवेतनाचा प्रश्न आला, तेव्हा त्यांना तळप्रमुखाचा दाखला शोधत हिंडावं लागलं.