जिन्याखालचा मळ

चाळीसहून अधिक वर्षं आधी

लंडनच्या किंग्ज क्रॉस भुयारी स्टेशनात पिकॅडिली लाइनच्या फलाटांवरून वरच्या तिकीट हॉलमध्ये आणणारे तीन सरकते जिने दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास बसवलेले होते. क्रमांक 4, 5 आणि 6. पायऱ्या लाकडाच्या, बाजूच्या फळ्याही लाकडाच्या. त्या काळात सगळीकडे तसंच असे. प्रत्येक पायरीखाली छोटी चाकं, चाकांखाली रूळ आणि रुळांना वंगण. वरून माणसं जातात आणि त्यांच्या अंगावरचं काहीबाही खाली गळतं: कोटाचे धागे, केस, तिकिटाचे तुकडे, चॉकलेटचे कागद. पायरी आणि बाजूची फळी यांच्यातल्या फटीतून ते आत पडतं आणि वंगणाला चिकटून बसतं. त्यावर पुन्हा वंगण, पुन्हा धागे. असं पुट चढत गेलं.

क्रमांक 4चे रूळ बसवल्यापासून एकदाही पूर्णपणे साफ झाले नाहीत. पुढे चौकशीत हे निघालं. वरवर हात फिरवला जात असे, हाताला येईल तेवढं काढलं जात असे. पायऱ्या उतरवून, खाली शिरून, खरवडून मळ काढायचा तर जिना बंद ठेवावा लागतो. किंग्ज क्रॉससारख्या स्टेशनात जिना बंद ठेवणं कुणाला परवडतंय?

शिवाय ते काम कुणाचं, हाही प्रश्न होताच. जिन्याचं यंत्र अभियांत्रिकी खात्याचं, प्रवासी आणि फलाट संचालन खात्याचे. पायरीच्या वरची बाजू एकाच्या हद्दीत आणि खालची दुसऱ्याच्या. आपल्याकडे रस्ता महापालिकेचा की सार्वजनिक बांधकामचा, यावर खड्डा वर्षभर तसाच राहतो. तिथे तो खड्डा रोज अडीच लाख माणसांच्या पायाखाली होता, एवढाच फरक.

पावणेतीन वर्षं आधी

नोव्हेंबर 1984मध्ये ऑक्सफर्ड सर्कस स्टेशनात मोठी आग लागली. त्यानंतर फेब्रुवारी 1985पासून सगळ्या भुयारी स्टेशनांत धूम्रपानाला बंदी आली. पाट्या लागल्या. पण गाडीतून उतरलेला माणूस वर उघड्यावर पोचेपर्यंत कशाला थांबेल? जिन्यावर पाऊल ठेवलं की खिशातून सिगारेट निघायची, काडी ओढली जायची आणि विझली न विझली ती खाली टाकली जायची. बंदीमुळे सिगारेट पेटवण्याची हक्काची जागा सरकता जिनाच झाली. नियम करणाऱ्यांनी एखादी संध्याकाळ त्या जिन्याशी उभं राहून काढली असती, तर हे त्यांच्याही लक्षात आलं असतं.

काड्या पडत होत्या, मळही पेटत होता. पुढे चौकशीत बाजूच्या फळीवर आतून आठ ठिकाणी जळल्याच्या खुणा आणि रुळांजवळ काड्याही सापडल्या. म्हणजे आग याआधीही लागली होती आणि दर वेळी आपली आपण विझली होती. अशा बारीकसारीक आगींना तिथे ‘धुमसणं’ म्हणायची रीत पडली होती. धुमसणं म्हटलं की बंब बोलवायला नको, वरच्या साहेबाला कळवायला नको.

एक तास आधी

18 नोव्हेंबर 1987, बुधवार, संध्याकाळचे पावणेसात. ऑफिसं सुटून गेलेली, गर्दीचा मुख्य लोंढा ओसरत आलेला, तरी स्टेशन भरलेलंच. तेव्हा पाच लाइनी इथे भेटत. क्रमांक 4 वर चढतोय.

सुमारे वीस मिनिटं आधी

काडी पडते. कुणाची, हे कधीच कळलं नाही आणि त्याने फरकही पडत नाही. त्या जिन्यावर रोज पडणाऱ्या काड्यांपैकी ती एक. आधीच्या विझल्या, ही विझली नाही.

नुसतं वंगण काडीने सहज पेटत नाही, हे चौकशीच्या वेळी लोकांनी करून पाहिलं. पण त्यात धागे, केस आणि कागद मिसळलेले असले की ते वातीचं काम करतात. मग वंगणही पेटतं आणि त्याच्या धगीने लाकूडही.

सोळा मिनिटं आधी, 7:29

एक प्रवासी तिकीट खिडकीवर येऊन सांगतो की जिन्याखाली आग दिसतेय. लगेच दुसरं कुणीतरी आणीबाणीचं बटण दाबून जिना थांबवतं.

बारा मिनिटं आधी, 7:33

पोलिसांना आग दिसते, पण त्यांचे वायरलेस जमिनीखाली चालत नाहीत. निरोप द्यायला एका शिपायाला धावत वर रस्त्यावर यावं लागतं.

इकडे स्टेशनचा एक कर्मचारी खालच्या यंत्रघरात पाहून येतो. आगीत काय करायचं याचं प्रशिक्षण त्याला कुणी दिलेलं नाही. जिन्याखाली पाण्याचे फवारे सोडणारी यंत्रणा बसवलेली होती. झडप उघडली की पाणी सुटलं असतं. ती झडप कुणीच उघडली नाही. माणसांची नावं घेऊन दोष द्यायला हे सोपं प्रकरण आहे. पण ज्याला कधी ती झडप दाखवलीच नाही, त्याने ती ऐन धुरात शोधून काढावी ही अपेक्षा कुठल्या न्यायाची? वर्षानुवर्षं ‘धुमसणं’च ऐकलेल्या माणसाला तिथे धुमसणंच दिसणार.

अकरा मिनिटं आधी, 7:34

अग्निशमन दलाला फोन जातो. दोन मिनिटांत बंब निघतात.

सहा मिनिटं आधी, 7:39

पोलिस तिकीट हॉल रिकामा करायचं ठरवतात. निर्णय चुकीचा नव्हता. फक्त खालच्या लोकांना बाहेर काढायचं कुठून? पिकॅडिलीचे जिने बंद, म्हणून त्यांना व्हिक्टोरिया लाइनच्या जिन्यांकडे वळवलं गेलं. ते जिनेही त्याच तिकीट हॉलमध्ये निघतात. दुसरी एक वाट होती, पण तिच्या तोंडाशी लोखंडी जाळीचा दरवाजा होता आणि त्याला कुलूप होतं.

तीन मिनिटं आधी, 7:42

पहिले बंब दारात. सोहो केंद्राचे अधिकारी कॉलिन टाउन्सली आणि त्यांचे सहकारी खाली जाऊन पाहतात. आग एखाद्या मोठ्या पुठ्ठ्याच्या खोक्याएवढी. ज्वाळा आहेत, धूर फार नाही. श्वसनाची उपकरणं चढवून पाण्याचा मारा करायचा, असं ठरतं. अनुभवी माणूस याहून वेगळं ठरवणार नाही, कारण एवढी आग एवढीच राहते किंवा हळूहळू वाढते, हे तेव्हाचं शास्त्र.

7:45

ज्वाळा वर न जाता खाली झोपतात. जिना तीस अंशात तिरका आणि दोन्ही बाजूंना कठडे, म्हणजे लाकडाची एक लांब पन्हळ. त्या पन्हळीत गरम वारा पायऱ्यांना चिकटून वर धावतो, पुढच्या पायऱ्या पेटण्याआधीच तापवून ठेवतो आणि एका क्षणी सगळ्या एकदम पेटतात. आगीचा झोत जिन्यातून सुटून तिकीट हॉलमध्ये घुसतो. पाठोपाठ काळाकुट्ट धूर. नुकतेच व्हिक्टोरियाच्या जिन्याने वर आलेले लोक तिथेच होते.

एकूण 31 माणसं गेली. त्यांत टाउन्सली होते. बाहेर पडायच्या पायऱ्यांजवळ ते सापडले, शेजारी भाजलेली एक बाई. ते तिला मदत करायला थांबले असावेत.

खाली फलाटांवर अडकलेल्यांना गाड्यांनी बाहेर नेलं. वाईट भाजलेल्या एका माणसाला घेऊन एक पोलिस शिपाई त्या कुलूपबंद वाटेशी पोचला. जाळीच्या पलीकडून एक सफाई कामगार चालला होता. त्याने कुलूप काढलं.

सहा तासांनी, 19 नोव्हेंबर, पहाटे 1:46

आग विझल्याचं जाहीर झालं. दीडशेहून जास्त जवान लागले होते.

पुढचं वर्ष

डेस्मंड फेनेल यांच्याकडे चौकशी सोपवली गेली. शेजारच्या एका तशाच जिन्यावर पेटती काडी टाकून पाहिली. आग नऊ मिनिटं वाढू दिली, मग विझवली. काडी पुरे आहे, एवढं सिद्ध झालं. ज्वाळा झोपतात हे मात्र संगणकाने सांगितलं तेव्हा तज्ज्ञांनी आधी संगणकावरच शंका घेतली. मग एक तृतीयांश मापाचा जिना बांधून जाळला आणि ज्वाळा खरोखरच झोपल्या.

या शोधाचं फार कौतुक झालं आणि ते रास्तच आहे. पण त्या कौतुकात एक साधी गोष्ट मागे पडते. ज्वाळा का झोपल्या ते कळायला महासंगणक लागला, रुळावर मळ आहे हे कळायला कंदील पुरला असता. खाली वाकून पाहायचं कुणाच्या कामाच्या यादीत नव्हतं.

अहवाल नोव्हेंबर 1988मध्ये आला, 157 सूचनांसह. भुयारी रेल्वेचे दोन सर्वोच्च अधिकारी पायउतार झाले. 1989मध्ये भुयारी स्टेशनांसाठी आगीचे वेगळे नियम झाले. प्रशिक्षण सुरू झालं. लाकडी जिने काढायचं ठरलं आणि बहुतेक निघालेही. शेवटचा, ग्रीनफर्ड स्टेशनातला, 2014मध्ये निघाला.