मुख्याध्यापिकेची खुर्ची

आमच्याकडे मुलींच्या शिक्षणाची गोष्ट निघाली की पहिले नाव येते ते फातिमा शेख यांचे. 10 ऑक्टोबर 1856 रोजी सावित्रीबाईंनी नायगावहून जोतीरावांना पत्र लिहिले. त्या आजारी होत्या, माहेरी होत्या. आपल्यामागे फातिमाला त्रास पडत असेल, ही काळजी त्यांनी त्यात बोलून दाखवली आहे. उल्लेख एवढासाच, पण शाळा म्हणजे केवळ फळा आणि खडू नव्हे, रोज कुणीतरी खांद्यावर घ्यायचा तो भार आहे, हे त्यातून कळते. हा भार कसा असतो, हे तपशिलाने पाहायचे तर आम्हाला बंगालात, बेगम रुकैयांच्या शाळेत जावे लागेल.

रुकैया सखावत हुसेन यांचा जन्म 1880 चा, रंगपूरजवळच्या पैराबंदचा. स्वतः त्या शाळेत गेल्या नव्हत्या. घर झोपले की थोरले भाऊ इब्राहिम साबेर त्यांना दिव्याच्या उजेडात इंग्रजी शिकवत. शोहर सखावत हुसेन भागलपूरला डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते. मे 1909 मध्ये त्यांचा इंतकाल झाला. मुलींच्या शाळेसाठी त्यांनी दहा हजार रुपये बाजूला ठेवले होते. त्यातून त्याच वर्षी रुकैयांनी पाच मुलींची शाळा काढली. पण घरातल्या मालमत्तेच्या तंट्याने त्यांना भागलपूर सोडावे लागले. 16 मार्च 1911 रोजी कलकत्त्याच्या वलीउल्ला गल्लीत शाळा पुन्हा सुरू झाली, या वेळी आठ मुली घेऊन.

ज्या बाईने वर्ग पाहिला नव्हता, तिने शाळा कशी चालवावी? त्या शहरातल्या इतर मुलींच्या शाळांत जाऊन बसल्या, तिथला कारभार पाहून शिकल्या. मुली मिळवण्यासाठी घरोघर गेल्या. पडदा मोडायला सांगितले असते तर एकही मुलगी आली नसती, म्हणून मुलींना आणायला बंद गाडी ठेवली.

या गाडीची हकिकत त्यांनी ‘अवरोधवासिनी’ (1931) या पुस्तकात सांगितली आहे. नवी मोटार चहूबाजूंनी अशी बंद केलेली की आत ना उजेड, ना वारा. पहिल्याच दिवशी मुलींना चक्कर आली, काहींना उलट्या झाल्या, लहानग्या अंधाराला भिऊन रडल्या. दुसऱ्या दिवशी झडपा उघडून पडदे लावले, तर लगेच पत्रे आली: वाऱ्याने पडदे उडतात, बेपर्दगी होते, सुधारणा झाली नाही तर वर्तमानपत्रात लिहू! गाडी बंद ठेवावी तर मुलींचा जीव जातो, उघडावी तर शाळा जाते. आमच्या मते मुख्याध्यापकीचे खरे शिक्षण या पेचात आहे. ते कुठल्याही पदवीत मिळत नाही.

रुकैयांनी शाळा सोडली नाही. 1930 च्या सुमारास तिचे हायस्कूल झाले. 9 डिसेंबर 1932 रोजी त्या गेल्या. त्यांची शाळा आज कोलकात्यात सरकारी शाळा म्हणून उभी आहे.

आता आमच्याकडे पाहू. महाराष्ट्रातल्या खाजगी शाळांना 1981 ची नियमावली लागू आहे. तिच्यानुसार मुख्याध्यापकाची नेमणूक साधारणतः सेवाज्येष्ठतेने होते. अल्पसंख्याक संस्थांना मात्र आपला प्रमुख निवडण्याची मोकळीक आहे. 2006 मध्ये मलंकारा सीरियन कॅथलिक कॉलेजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ठरलेली पात्रता असलेल्यांपैकी कोणाला प्रमुख करायचे, हा राज्यघटनेच्या कलम 30 ने संस्थेला दिलेला हक्क आहे; तिथे ज्येष्ठता आड येत नाही.

हक्क मोठा आहे. प्रश्न एवढाच की तो आपण कुणासाठी वापरतो? अध्यक्षांच्या भाच्यासाठी, की उंबरठ्यावर थांबलेल्या मुलीच्या आईवडिलांना समजावायला स्वतः त्यांच्या दारी जाणाऱ्या बाईसाठी? आमच्या लेकी बी.एड. होतात, वर्गावर जातात, नावाजल्या जातात. खुर्ची रिकामी झाली की मात्र विचारले जाते, ‘बाईंना जमेल का?’ या प्रश्नाचे उत्तर 1911 साली आठ मुलींच्या त्या शाळेने दिले आहे. आपण ते फक्त वाचायचे आहे, आणि पुढच्या नेमणुकीच्या वेळी आठवायचे आहे.