बाईंच्या मागोमाग

बर्लिन, 1929. थंडीनं तुमची बोटं आखडली आहेत. कैसर विल्हेल्म इन्स्टिट्यूटच्या टेबलावर कवट्या मांडल्यात, आणि साडीतली एक तरुण मराठी बाई त्या एकेक करून मोजते आहे. मानववंशशास्त्राची विद्यार्थिनी इरावती कर्वे. सासऱ्यांचा, म्हणजे महर्षी कर्व्यांचा, या प्रवासाला विरोध होता. नवऱ्यानं, दिनकररावांनी, तरीही तिला पाठवलं. प्राध्यापक ऑयगेन फिशर यांना सिद्ध करून हवंय की गोऱ्यांच्या कवटीच्या दोन बाजू असमान, म्हणून त्यांची बुद्धी सरस. 149 कवट्या मोजून ती लिहिते: वंशाचा आणि या असमानतेचा काही संबंध दिसत नाही. ज्याच्या मतावर पदवी अवलंबून, त्यालाच हे सांगायचं! तिच्या साऱ्या विद्वत्तेचं मूळ मला इथंच दिसतं.

आता पुणे. 1950 नंतरचा काळ. येरवड्याच्या रस्त्यावर स्कूटर तुम्हाला मागे टाकून जाते. चालवणारी बाई पाहून लोक वळून बघतात, तिचं लक्ष नाही. डेक्कन कॉलेजात 1939पासून ती शिकवते आहे. विद्यार्थ्यांना वर्गापेक्षा बाहेरच जास्त शिकायला मिळतं: गावोगाव फिरायचं, माणसं मोजायची, नात्यांची नावं विचारायची. नवऱ्याला ती चारचौघांत ‘दिनू’ म्हणते. त्या काळच्या पुण्यात!

पण तिच्याबरोबर खरं चालायचं ते वारीत. चिखल तुडवत तुम्ही ज्ञानेश्वरांच्या पालखीमागे निघाला आहात. मुखी एकच नाम, तरी मुक्कामाला ब्राह्मणांची पंगत वेगळी, मराठ्यांची वेगळी. बाईंना ते सलतं. त्या उठून मराठा बायकांत जेवायला बसतात. त्यानंतर त्या बायका बाईंचा हात धरून चालतात, संसाराच्या गोष्टी सांगतात, ताई म्हणतात, पुण्याला घरी येऊ म्हणतात. मग एक तरुण मुलगी विचारते, तिथंही तुम्ही आमच्याशी अशाच वागाल का? हा प्रश्न बाईंनी लपवला नाही, वारीवरच्या लेखात तसाच ठेवला. मोजपट्टी दुसऱ्याला लावणारे पुष्कळ. त्यांनी ती स्वतःलाही लावली.

आणि ‘परिपूर्ती’ या त्यांच्या लेखातली ती सभा. वक्ता ओळख करून देतो आहे: अमक्यांची सून, तमक्यांची पत्नी. बाईंच्या स्वतःच्या कामाबद्दलही बोललं जातं, तरी त्यांना काहीतरी राहिल्यासारखं वाटतं. घरी परतताना रस्त्यात खेळणारी पोरं एकमेकांना खुणावतात, ही आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई. तेव्हा कुठे ओळख पुरी होते. आई होणं म्हणजे विद्येशी तडजोड, असं त्यांनी मानलं नाही. पोरांच्या हसण्यात मिसळून तुम्हीही चालत राहा. ‘युगान्त’ हे पुस्तक अजून लिहायचं आहे, आणि घरात मुलं, जाई, आनंद, गौरी, वाट पाहताहेत.