कुजलेल्या तंबूचा धडा

पोळीचा घास बराच वेळ चावत राहिलो, की तो गोड लागू लागतो. लाळेतील विकर स्टार्चची साखळी तोडते. कापसाचा बोळा मात्र कितीही चघळला तरी गोड लागत नाही. वास्तविक कापसातील सेल्युलोजही ग्लुकोजचीच साखळी! तिच्यातील जोडणी वेगळी असल्याने लाळेतील विकराचे तेथे काही चालत नाही. पण ही अर्धीच गोष्ट झाली. उरलेली अर्धी समजून घ्यायला आपल्याला दुसऱ्या महायुद्धात जावे लागेल.

पॅसिफिक महासागरातील सॉलोमन बेटांच्या दमट हवेत अमेरिकी सैन्याचे सुती तंबू भराभर कुजत होते. तेथील कुजक्या कॅनव्हासवर सापडलेल्या एका बुरशीला 'क्यूएम ६ए' असा क्रमांक मिळाला. सैन्याच्या प्रयोगशाळेत एल्विन रीझ आणि त्यांचे सहकारी कुजणे थांबवण्याचा मार्ग शोधत होते. १९५० मध्ये त्यांनी एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. पाण्यात विरघळेल असे बदललेले सेल्युलोज अनेक बुरशी तोडतात. अखंड कापसापुढे मात्र त्यांतल्या कित्येक हात टेकतात. म्हणजे विकर असूनही भागत नाही, तंतूची रचनाच आड येते. सेल्युलोजच्या सरळ साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना इतक्या घट्ट बिलगलेल्या असतात, की विकराला शिरकावच मिळत नाही. आधी एखादा घटक या साखळ्या सैल करत असावा, असा रीझ यांचा तर्क होता. थेट तसा घटक हाती आला नाही. पण २०१०-११ मध्ये स्फटिकी पृष्ठभागावरच घाव घालणारी तांबेयुक्त विकरे सापडली, तेव्हा त्या तर्काची पुन्हा आठवण झाली.

लाकडात अडचण आणखी वाढते. तेथे सेल्युलोजभोवती हेमिसेल्युलोज आणि लिग्निन यांचे लिंपण असते, छिद्रेही अतिशय बारीक असतात. म्हणून वाफ, आम्ल किंवा अल्कली वापरून तंतू आधी मोकळा करावा लागतो.

१९७३ च्या तेलटंचाईनंतर प्रश्नच उलटा झाला: कुजणे थांबवायचे कसे, याऐवजी त्यातून साखर आणि इंधन मिळवायचे कसे? तंबूचा शत्रू कामाचा ठरला. १९७७ मध्ये त्या बुरशीला रीझ यांच्या सन्मानार्थ 'ट्रायकोडर्मा रीझी' हे नाव मिळाले.

वर्गात आपण एक प्रयोग करू शकतो. सुती दोरी आणि काथ्याची दोरी ओल्या मातीत शेजारी शेजारी पुरायची आणि दर आठवड्याला ताणून पाहायची. काथ्यात लिग्निन भरपूर असते. आधी कोणती तुटेल, याचा अंदाज मुलांनी पुरण्यापूर्वीच वहीत लिहावा, कारणासह.