वेशीवरचा वाघोबा, उसातला बिबट्या

जुन्नर, आंबेगाव, अकोले या सह्याद्रीलगतच्या तालुक्यांत वाघोबाची ठाणी फार जुनी. शेंदूर फासलेला दगड, क्वचित त्यावर कोरलेला वाघ, एवढेच त्याचे देऊळ. आश्विन वद्य द्वादशीस, म्हणजे वाघबारशीस, महादेव कोळी बांधव तेथे नैवेद्य दाखवून गुराढोरांची राखण मागतात. वाघाने वेशीबाहेर राहावे, माणसाने त्याचा मान राखावा, असा हा जुना करार.

पुढे कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, डिंभे ही धरणे झाली. कालव्याचे पाणी फिरले, उसाचे मळे पसरले. दाट आडोसा, पाणी आणि वस्तीवरची कुत्री जागेवर मिळाल्यावर बिबट्याने डोंगर कशाला गाठावा? मादी उसातच विते. ऊसतोडणी चालू असता एकाएकी कोयता थबकतो. पाचटात पिले पडलेली असतात!

२००१ ते २००३ या काळात जुन्नर भागात धरलेले बिबटे दूरच्या रानात नेऊन सोडले गेले. त्याच वर्षांत माणसांवरचे हल्ले वाढले, लेकरेही गेली. सोडलेल्या जागांच्या आसपासही हल्ले वाढल्याचे डॉ. विद्या अथ्रेया व सहकाऱ्यांच्या अभ्यासात पुढे दिसून आले.

पिलांच्या बाबतीत मात्र शहाणपणाची रीत पडली. वनखात्याची मंडळी पिलांची तपासणी करवून, अंधार पडताच ती सापडल्या जागीच क्रेटमध्ये ठेवतात. माणसे दूर होतात. पुष्कळदा त्याच रात्री मादी येते आणि एकेक पिलू तोंडात धरून घेऊन जाते.